सायकलवरून पंढरपूर : तीन पिढ्या, पाच सायकली



शेती खात्याच्या या पानावर आपण नेहमी लागण, बेणेप्रक्रिया, हुमणी आणि खोडवा याच विषयांवर वाचत आला आहात, आणि ते वाचायलाच पाहिजे. परंतु मागच्या वार्षिक सभेच्या दिवशी मंडपाबाहेर चहा घेताना चार-पाच सभासदांनी मला गाठून एकच प्रश्न विचारला, "साहेब, सगळं घर घेऊन सायकलवरनं पंढरपूरला गेलासा म्हणं? खरं का खोटं?" खरे आहे. किती दिवस लागले, वाटेत काय खाल्ले, बाईमाणसाला झेपले का, म्हाताऱ्या माणसाला कसे नेले, असे प्रश्न त्यानंतरही येतच राहिले. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढावे असे संपादक मंडळाने सुचविले, म्हणून हा लेख. हुमणीविषयी पुढच्या अंकी लिहीन.

आम्ही पाच जण होतो. माझे वडील (आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, वय ७०), मी, आमच्या सौभाग्यवती, अकरावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. गाव मिरजेच्या अलीकडे कृष्णाकाठी. तिथून मिरज, कवठे महांकाळ, नागज, जुनोनी, सांगोला या रस्त्याने पंढरपूर साधारण एकशेपस्तीस किलोमीटर पडते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस, आडसाली लागणीच्या नोंदी उरकल्यावर, दोन दिवसांत आम्ही हे अंतर कापले. शर्यत नव्हती, की कोणाचा सत्कार नव्हता.

आबांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण जुन्या सभासदांपैकी बरेच जण त्यांना ओळखतात. ते शेती खात्यात चिटबॉय होते. आताच्या पोरांना चिटबॉय म्हणजे काय ते सांगावे लागते. मोबाईल नव्हते, तेव्हा तोडणीची चिठ्ठी माणसाच्या हाताने रानापर्यंत जायची. सकाळी गट ऑफिसात चिठ्ठ्या घ्यायच्या, सायकलला टाच मारायची, कोणाचा प्लॉट तुटला, कोणाची गाडी फडात अडकली, टोळी कुठे गेली याची खबर घेत संध्याकाळी परत यायचे. हंगामात रोज तीस-चाळीस किलोमीटर सहज होत. त्यातला निम्मा रस्ता पाणंदीचा, आणि तोडणीच्या दिवसांत पाणंदीची काय दशा असते ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. तीस हंगाम त्यांनी एकाच काळ्या ॲटलसवर काढले. ती सायकल बनविणाऱ्या ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. आबांना मी ती बातमी वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "बंद पडू दे. माझी चालू हाय."

पण ती चालू नव्हती. २०२२ साली आई गेली, तेव्हापासून आबांनी बाहेर पडणेच सोडले होते. पारावर नाही, भजनाला नाही, रानातही नाही. सायकल गोठ्यात खुंटीला टांगलेली, वर पेंडीची रिकामी पोती. आम्ही सांगून थकलो. डॉक्टरांनी तपासून छाती ठीक आहे, रक्तदाब गोळीवर आहे, फक्त चालते-फिरते ठेवा, असे सांगितले. सांगणे सोपे असते.

ती सायकल खाली काढली मुलीने. तिला कॉलेजला जायला गाडी पाहिजे होती, आणि आमच्या सौभाग्यवतींनी अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय मोटारसायकलला हात लावायचा नाही असे बजावले होते. तिने पोती बाजूला केली, धूळ झाडली आणि सायकल अंगणात आणून उलटी ठेवली. आबा ओसरीवरून बघत होते. तिने पान्हा उलटा धरलेला बघून त्यांना राहवले नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी बॉटम उघडून सगळे छर्रे रॉकेलने धुतले, चेन काढून डिझेलमध्ये भिजत घातली, दोन्ही ट्यूब बदलायला मला मिरजेला पिटाळले. काम संपल्यावर मुलीने विचारले, "आबा, या सायकलवरनं पंढरपूर किती लांब?" आबा म्हणाले, "दोन दिसाचं. वाटंत आत्तीकडं मुक्काम."

आत्ती म्हणजे आबांची धाकटी बहीण. आमचे मूळ गाव नागजच्या पुढे, कायम दुष्काळी भागात. आबा नोकरीच्या निमित्ताने कृष्णाकाठी आले, आत्ती तिकडेच दिली. आईच्या दिवसांनंतर भाऊ-बहिणीची गाठ पडली नव्हती. मुलीने तो "आत्तीकडं मुक्काम" धरून ठेवला आणि रोज जेवताना विषय काढू लागली. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, "जायचं तर सगळे जाऊ. नाहीतर मी एकटी घरी बसून फोनची वाट बघणार, ते नको." विषय मिटला.

आता तयारी. सभासदांपैकी कोणाला जायचे असेल तर हा भाग नीट वाचावा.

आम्ही जुलैच्या पहिल्या रविवारी सुरुवात केली. पहिल्या रविवारी दहा किलोमीटर, पुढच्या रविवारी वीस, मग पस्तीस, आणि निघण्याच्या आधी दोन आठवडे एकदा पन्नास. मधल्या दिवसांत जमेल तसे, निदान अर्धा तास. सौभाग्यवतींनी दहावीनंतर सायकलला हात लावला नव्हता. पहिल्या रविवारी त्यांचे गुडघे धरले. मला वाटले वयाचा दोष. आबांनी नुसते एकदा बघितले आणि म्हणाले, "सीट खाली हाय." आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवण्याची सवय असते. त्यामुळे गुडघा प्रत्येक फेरीला जास्त वाकतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेले असता पाय जवळजवळ सरळ व्हावा, इतकी सीट वर पाहिजे. तेवढे केल्यावर गुडघ्याची तक्रार संपली. दुसरी गोष्ट हवेची. हवा कमी असेल तर माणूस दुप्पट दमतो आणि टायरही चिरतो. दर दोन-तीन दिवसांनी हवा भरावी.

गावात चर्चा झालीच. पहिल्या रविवारी पारावरची मंडळी हसली. सौभाग्यवती पंजाबी ड्रेसमध्ये सायकलवर, मागून सासरे, त्यामागे मी. एक जण म्हणाला, "साहेब, पेट्रोल परवडंना व्हय?" दुसऱ्या रविवारी कोणी बोलले नाही. चौथ्या रविवारी शेजारच्या दोन बायकांनी आमच्या घरी येऊन विचारले की शिकायचे झाले तर किती दिवसांत येते. त्यातली एक आता दूध डेअरीला सायकलवरून घालते.

हेल्मेट घ्यायला आबा तयार नव्हते. टोपीवर टोपी कशाला, हे त्यांचे म्हणणे. नात म्हणाली, मग मी पण घालत नाही. त्यांनी गांधी टोपी पिशवीत ठेवली आणि हेल्मेट घातले.

सामान थोडेच घेतले. दोन जादा ट्यूब, पंप, पान्हे, पंक्चरची डबी, प्रत्येकाच्या मागे लाल लुकलुकणारा दिवा. खायला बाजरीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, केळी आणि गूळ-शेंगदाणे. (साखर कारखान्याच्या माणसाने गूळ नेला म्हणून हसू नये. लिंबाच्या पाण्यात साखर आपलीच होती.) माझ्या अनुभवाने लिंबू, मीठ आणि साखर घातलेल्या पाण्यासारखे दुसरे काही नाही. नुसते पाणी पिऊन घाम गाळला तर पायात गोळे येतात.

दिवस निवडताना वाऱ्याचा विचार केला होता. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो, आणि पंढरपूर आपल्या ईशान्येला. म्हणजे वारा पाठीवर. येताना तोच वारा तोंडावर बसला असता, म्हणून परतीला टेंपो सांगून ठेवला होता. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. मिरजेपर्यंतचा रस्ता आपल्या रोजच्या पाहण्यातला, पण मोटारसायकलवरून जाताना जे दिसत नाही ते सायकलवरून दिसते. उजाडताना दोन्ही बाजूंची क्षारपड राने पांढरी दिसू लागली. मीठ फुटलेले, लव्हाळा माजलेला, मधेच उसाचा पिवळा पडलेला एखादा पट्टा. या रानांत आबांनी चिठ्ठ्या वाटल्या आहेत. ते प्रत्येक बांधाकडे बघून कोणाचे रान, किती टनेज निघायचे ते नातवाला सांगत होते. नातू म्हणाला, "मग आता इथं काहीच का नाही?" आबांनी उत्तर दिले नाही. उत्तर आपणा सर्वांना माहीत आहे. पाटाने मोकाट पाणी, निचऱ्याला चर नाही, आणि वर्षानुवर्षे उसावर ऊस.

मिरजेच्या पुढे आपण राष्ट्रीय महामार्ग १६६ ला लागतो. रस्ता आता चौपदरी झाला आहे, जिथे सेवा रस्ता आहे तिथे सायकल त्यावरूनच घ्यावी. इथे मला एक गोष्ट सभासद म्हणून आणि बाप म्हणूनही सांगायची आहे. अजून पुरते उजाडले नव्हते, मुलगी माझ्यापुढे वीस-पंचवीस हातांवर होती, आणि तिने एकदम ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेला एक रिकामी ट्रॉली उभी होती. ट्रॅक्टर सोडून नेलेला, मागे रिफ्लेक्टर नाही, लाल कापड नाही, चाकामागे एक दगड. मोटारीच्या उजेडात ती शेवटच्या क्षणाला तरी दिसली असती. सायकलच्या दिव्यात ती फक्त अंधाराचा एक ठोकळा होता. मुलीचे पुढचे चाक त्या ट्रॉलीपासून चार हातांवर थांबले. कारखाना दर हंगामात रिफ्लेक्टर लावण्याविषयी सूचना देतो आणि आपण त्या वाचून बाजूला ठेवतो. ट्रॉली कोणाची होती माहीत नाही. पण ऊस वाहणारी ट्रॉली म्हणजे आपल्यापैकीच कोणाची तरी असणार, आणि पहाटे शाळेला, डेअरीला, क्लासला सायकलवरून जाणारी पोरेही आपलीच. हंगाम सुरू होण्यापूर्वी ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर लावून घ्यावेत. बैलगाडीवाल्यांनीही जुवाच्या टोकांना आणि गाडीच्या मागे ती पट्टी लावावी. रस्त्यावर वाहन बंद पडले तर मागे दूरवर फांद्या किंवा निशाण ठेवावे, आणि निघताना दगड बाजूला काढावेत. रस्त्यात सोडलेला दगडही जीव घेतो.

भोश्याजवळ दंडोबाचा डोंगर आला तेव्हा पावसाची भुरभुर सुरू झाली. इथून पुढे उसाची हिरवी भिंत विरळ होते आणि द्राक्षबागांचे मांडव सुरू होतात. रस्ता हळूहळू चढतो. मोटारीत बसलेल्याला हा चढ कळतसुद्धा नाही, सायकलवाल्याच्या मांड्यांना मात्र त्याचा हिशेब हातोहात द्यावा लागतो. मुलांच्या सायकलींना गिअर होते, ती पुढे निघून जात आणि झाडाखाली बसून आमची वाट बघत. आम्ही एक नियम केला होता. दर तासाला दहा मिनिटे थांबायचे आणि सर्वात मागे मी राहायचे.

कवठे महांकाळच्या अलीकडे धाकट्याच्या चाकात बाभळीचा काटा गेला. मी जादा ट्यूब काढली, पण आबा म्हणाले ठेव, ती पुढे लागेल. त्यांनी टायर उतरवून ट्यूब बाहेर घेतली. जवळ पाण्याचे घमेले नव्हते. त्यांनी ट्यूबमध्ये हवा भरली आणि ती ओठांजवळून हळूहळू फिरवली. भोक बारीक असले तरी ओठाला वारा लागतो. जागा सापडली, पॉलिश पेपरने घासली, सोल्युशन लावून पाच मिनिटे सुकू दिले (बहुतेक लोक इथेच घाई करतात), मग पट्टी दाबली. टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढला, कारण काटा तसाच राहिला तर नवी ट्यूबही जाते. मुलगा सगळे बघत होता. शाळेत हे कोणी शिकवत नाही, असे तो म्हणाला. आबा म्हणाले, "आमच्या शाळंत एवढंच शिकवलं."

कवठ्यात चहा-भजी झाली आणि नागजच्या चढाला लागलो. सांगायला आनंद वाटतो की या चढावर सौभाग्यवती सगळ्यांच्या पुढे होत्या. त्या कुठे थांबल्या नाहीत, बोलल्या नाहीत, फक्त एका लयीत पायडल मारत राहिल्या. मी नंतर विचारले की कसे जमले. म्हणाल्या, "भांगलणीला दिवसभर वाकून असतो, त्याच्यापेक्षा हे बरं." यावर पुरुष सभासदांनी विचार करावा.

नागज फाट्याच्या पुढे एका जागी आबा सायकलवरून उतरले. दुरुस्तीसाठी असेल असे मला वाटले. त्यांनी सायकल घोड्यावर लावली आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळात ते अठरा वर्षांचे होते. ह्याच भागात दुष्काळी कामावर त्यांनी आई-वडिलांबरोबर खडी फोडली. सगळे गाव कामावर, जनावरे बाजारात मातीमोल विकलेली, घरात मिलोची लाल भाकरी आणि कामावर पोरांना सुकडी. आपल्याच जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याचे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, हे आपण पुस्तकात वाचतो. आबांकडे त्याची खूण डाव्या हाताच्या अंगठ्यावर आहे, तिथे खडीची कपची उडून लागली होती. जुना रस्ता चौपदरीच्या पोटात गेला. आबा म्हणाले, "ह्याच्या बुडाला माझी खडी असंल." मुलीने विचारले, "आबा, तुम्ही हे आधी कधी सांगितलं नाही." ते म्हणाले, "इकडं आलोच कवा आपण? एष्टीत झोप लागती."

पाच वाजता आत्तीच्या वाडीवर पोहोचलो. सत्तर किलोमीटर झाले होते. आत्ती अंगणात वाट बघत होती. भावाला सायकलवरून येताना बघून ती पहिल्यांदा रागावली, "सत्तरीला आलास, अजून पोरकटपणा जाईना व्हय रं दादा?" आणि मग पदर डोळ्याला लावला. वहिनी गेल्यापासून दोन वर्षे तिने भावाला बघितले नव्हते. ती दोघे रात्री उशिरापर्यंत ओसरीवर बोलत होती. ते इथे लिहिण्याचे नाही.

लिहिण्यासारखे आहे ते वेगळेच. जेवण झाल्यावर आत्तेभावाने माझ्याकडे विषय काढला. म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने या पट्ट्यात आणले आहे. आत्तीच्या रानाजवळून पोटपाट गेला आहे. ज्या विहिरीत आम्ही लहानपणी चिंचोके टाकून पाण्याचा आवाज ऐकायचो (आवाज यायचा नाही, ती कोरडी असायची), त्या विहिरीला आता पाझर आहे. आत्तेभावाला दोन एकर ऊस लावायचा होता. घरातच ऊस विकास अधिकारी आलेला, मग विचारायचे कोणाला?

ती वाडी आपल्या कारखान्याच्या कार्यक्षेत्राबाहेर आहे, त्यामुळे नोंदीचा प्रश्न नव्हता आणि मला मोकळेपणाने बोलता आले. मी त्याला म्हटले, एप्रिल-मे महिन्यात आवर्तन किती दिवसांनी येते ते आधी सांग. त्याला नक्की सांगता येईना. ऊस आडसाली असेल तर सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो, म्हणजे एक पुरा उन्हाळा त्याला काढावाच लागतो. उपशाचे पाणी विजेवर चालते. वीजबिल थकले की पंप थांबतात, हे पूर्वी घडलेले आहे. त्या वेळी ज्वारी असेल तर एक पीक जाते, ऊस असेल तर दीड वर्ष जाते आणि सोसायटीचे कर्ज राहते. माझे म्हणणे असे पडले की लावायचाच तर अर्धा एकर, तोही ठिबकवर, आणि शेततळे झाल्यावर. बाकीच्या रानात त्या भागाला जमलेली पिके ठेवावीत.

आबांना हे पटले नाही. माझ्या आयुष्यात त्यांनी माझ्या खात्याच्या कामात कधी तोंड घातले नव्हते, पण त्या रात्री ते म्हणाले, "तू कृष्णाकाठच्या लोकांस्नी पन्नास एकरापर्यंत नोंदी देतूस. तिथं कुणाला इचारत न्हाईस पाणी किती पाजतूस म्हणून. आणि ज्यानं जलमभर टँकर बघितला, त्याला म्हणतूस अर्धा एकर?"

याला माझ्याकडे उत्तर होते, पण ते तांत्रिक होते. नदीकाठचा शेतकरी जे वाया घालवतो त्याने योजनेच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याचे आवर्तन वाढत नाही, वगैरे. मी ते बोललो नाही. आत्तीच म्हणाली, "तुमच्याकडं रान पाण्यानं मेलं, आमच्याकडं पाण्याबिगर. दोन्हीकडं मेलंच की." मग तिने सर्वांना झोपायला सांगितले.

मला अजूनही माझा सल्ला बरोबर वाटतो. आबांचा प्रश्नही बरोबर वाटतो. आपल्या गटात पाटपाण्यावर भिजणाऱ्या उसाचे प्लॉट बघायला जातो तेव्हा तो आठवतो. ठिबकवर तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पाणी वाचते, हे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो. मेळावा संपला की लोक जेवतात आणि घरी जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्तीने दह्यात कालवलेला भात खायला घालून वाटेला लावले. नागज आणि जुनोनीच्या दरम्यान कुठेतरी पाणी आपली वाट बदलते. अलीकडे पडलेला पाऊस अग्रणी नदीने कृष्णेला जातो, पलीकडे पडलेला माण नदीने भीमेला. नकाशात बघितल्याशिवाय हे कळत नाही, पण सायकलवर पायांना ताबडतोब कळते, कारण चढ संपतो आणि उतार लागतो. पाठीवर वारा, पुढे उतार, अंगावर कोवळे ऊन. जुनोनीपर्यंत मुलांनी पायडलसुद्धा फारसे मारले नाही. रेल्वेचा मार्गही याच भागातून जातो. आबांच्या तरुणपणी त्यावर बार्शी लाइटची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी चाले आणि चढावर प्रवासी खाली उतरून तिच्याबरोबर चालत, अशी गोष्ट त्यांनी सांगितली. थोडी तिखट-मीठ लावलेली असावी. आता तिथे मोठे रूळ आहेत.

सांगोल्यात अकरा वाजता पोहोचलो. या तालुक्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा आमदार केले आणि कमी पाण्यावर डाळिंब करून नाव मिळवले. मी आत्तेभावाला आदल्या रात्री डाळिंबाचे नाव सांगितले होते, पण इथे चहाच्या टपरीवर बसलेल्या शेतकऱ्याशी बोलल्यावर तेही सरळ काम नाही हे पुन्हा कळले. आधी तेल्या, मग खोडाला भोके पाडणारा किडा. लोकांना उभ्या बागा उपटाव्या लागल्या. त्याने आमचा कारखाना कोणता ते विचारले आणि आबांच्या सायकलला हात लावून बघितला. चहाचे पैसे त्याने घेऊ दिले नाहीत.

सांगोल्याहून महामार्ग सोडून डाव्या हाताला पंढरपूरचा रस्ता धरला. माणेचा पूल ओलांडला. खर्डीच्या पुढे मुलीच्या पोटरीला गोळा आला. तिने सकाळपासून पाणी कमी प्यायले होते, वाटेत थांबायला लागू नये म्हणून. मुलींची ही अडचण पुरुषांच्या लक्षात येत नाही. रस्त्यावर बायकांसाठी सोय कुठे आहे? सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी हे ओळखून एकेका पेट्रोल पंपावर आणि वस्तीवर मुलीला घेऊन थांबायला सुरुवात केली होती, दुसऱ्या दिवशी मुलगी पुढे निघून गेल्याने ते राहिले. पाय चोळला, मीठ-साखरेचे पाणी दिले, अर्धा तास बाभळीखाली बसलो. आबा म्हणाले, टेंपोवाल्याला फोन कर, बारा-पंधरा किलोमीटरच राहिलेत, त्यात लाज कसली. मुलगी उठली, सायकल हातात धरून थोडे चालली आणि मग बसली. शेवटचे अंतर आम्ही पाचही जण एका रांगेत, तिच्या वेगाने गेलो.

साडेचारला चंद्रभागेच्या वाळवंटावर होतो. नदीला चांगले पाणी होते. दर्शनाची रांग मोठी होती, मुले दमलेली, म्हणून नामदेव पायरीला हात लावून आणि कळसाला नमस्कार करून आम्ही माघारी वळलो. आबांनी पिशवीतून टोपी काढून घातली, आईच्या नावाने तुळशीचा हार वाहिला आणि नातवाला घेऊन जिलेबी आणायला गेले. टेंपोत पाच सायकली दोरीने बांधल्या. रात्री अकराला घरी.

पुढचे थोडक्यात सांगतो. आत्तेभावाने ऊस लावला, एक एकर. माझा अर्धा आणि त्याचे दोन यांच्या मधला. ठिबक मात्र त्याने केले. शेततळ्याचा अर्ज दिला आहे. आबा आता दर महिन्याला बहिणीकडे जातात. सायकलवरून नाही, एष्टीने, पण खिडकीजवळ जागा धरून.

आपल्या गटातून पुढच्या श्रावणात कोणाला असे जायचे असेल तर मे महिन्यातच मला किंवा गट ऑफिसात सांगावे, म्हणजे जूनपासून सराव सुरू करता येईल. सायकल जुनी असली तरी चालेल. दुरुस्तीसाठी रविवारी सकाळी आमच्या घरी आणावी, आबा असतात. ट्यूब आणि सोल्युशन मात्र ज्याचे त्याने आणायचे आहे.